उपकाराची मर्यादा

एखाद्या नैतिक प्रश्नाचें महत्त्व त्याच्या विषयाच्या भव्यतेवर अवलंबून असतें, असा आपणां सर्वांचा एक सुप्त समज असतो. युद्ध करावें कीं न करावें, राजाज्ञा पाळावी कीं मोडावी, असल्या प्रश्नांचा विचार करणारा तो तत्त्वचिंतक. आणि घरांतील नळ कोणी किती वेळ सोडावा याचा विचार करणारा तो नुसता संसारी मनुष्य. मीहि सुमारें अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवितांना हा समज मनांत बाळगूनच शिकवीत आलों. मिलच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक निबंधावर मीं किती व्याख्यानें दिलीं असतील याची गणना नाहीं. परंतु एकाच्या स्वातंत्र्याची हद्द कोठें संपते या त्यांतील प्रश्नाची खरी धग मला लागली ती व्याख्यानाच्या दालनांत नव्हे, तर घरीं. आणि तीहि एका अगदीं क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टीपायीं. माझ्या अभ्यासिकेंतील संगणक स्वतःसाठीं अपडेट उतरवून घेतांना घरांतील इंटरनेटचा किती भाग खातो, आणि त्याला तो किती खाऊं द्यावा, ही ती गोष्ट.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें यंत्र असेल. परंतु त्याचा हा व्यवहार फार थोड्यांनीं न्याहाळला असेल, म्हणून तो प्रथम सांगतों. संगणक चालविणारी जी मूळ आज्ञावली असते, तींत दोष राहून गेलेले असतात. ते जसजसे उघडकीस येतात, तसतशीं ती आज्ञावली रचणारी कंपनी त्यांवर ठिगळें तयार करते आणि इंटरनेटवरून घरोघरच्या यंत्रांकडे रवाना करते. हीं ठिगळें म्हणजेच अपडेट. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ऑक्टोबर २००३ पासून यासाठीं एक वार नेमून ठेवला आहे, तो म्हणजे दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवशीं सकाळचे दहा वाजतात तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. म्हणजे भारतांतील ज्या गृहस्थाचा संगणक रात्रीं बंद असतो, त्याच्या यंत्राला या ठिगळांची वार्ता लागते ती बुधवारीं सकाळीं. मग तें कोणास न विचारतां कामाला लागतें. यजमान चहा पीत वर्तमानपत्र वाचीत असतो, आणि त्याचें यंत्र त्याच्या हिताचें ओझें दूरदेशाहून घरांत ओढून आणीत असतें.

आमच्या घरीं बुधवारच्या सकाळला एक निराळें महत्त्व होतें. माझी आई तेव्हां चौऱ्यांशी वर्षांची होती. तिला जवळजवळ ऐकूं येत नाहीं; समोरच्या माणसाच्या ओठांकडे पाहून ती बोलणें समजून घेते. तिची धाकटी बहीण, आमची माईमावशी, इंदूरला असे, आणि शेवटचीं दोन-तीन वर्षें ती अंथरुणाला खिळलेली होती. टेलिफोनचा आईला उपयोग नव्हता. २०२० सालच्या टाळेबंदींत माझ्या मुलीनें तिला टॅबलेटवर चित्रासह बोलण्याची सोय करून दिली, आणि तेव्हांपासून दर बुधवारीं सकाळीं नऊ वाजतां या दोघी बहिणी अर्धा-पाऊण तास एकमेकींसमोर बसूं लागल्या. आई देवघराशेजारच्या खोलींत बसे. मी माझ्या अभ्यासिकेंत, दार लोटून, दुपारच्या व्याख्यानाची तयारी करीत असें.

कांहीं बुधवारीं चित्र अडकून पडे. बराच वेळ वाट पाहून आई हांक मारी. मी बाहेर येऊन राउटर बंद करून पुन्हां चालू करीं, इंटरनेट पुरविणाऱ्या माणसांना फोनवर चार शब्द सुनावीं, आणि परत आपल्या खोलींत जाऊन दार लोटून घेईं. हा प्रकार महिन्यांतून एकदांच आणि ठराविक बुधवारींच होतो ही गोष्ट, अनुमानाच्या पद्धति दरवर्षीं विद्यार्थ्यांना समजावून देणाऱ्या माझ्या ध्यानांत वर्ष उलटलें तरी आली नाहीं. २०२१ च्या श्रावणांत मावशी गेली. पुढें आई तिच्या सुनेशीं बोलूं लागली. वार तोच राहिला. त्या वर्षीं दिवाळीनिमित्त माझी मुलगी घरीं आलेली असतां पुन्हां चित्र थांबलें. तिनें राउटरचें हिशेबाचें पान उघडून पाहिलें, आणि माझ्या दारांत येऊन ती म्हणाली, "बाबा, सगळं इंटरनेट तुमचा कॉम्प्युटर ओढतो आहे." मीं त्या सकाळीं संगणकाला हातहि लावलेला नव्हता. तो नुसता चालू होता.

घडलेला प्रकार मीं आईला एका कागदावर लिहून समजावून दिला. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "असं होय? माईचं तोंड मधेच थांबायचं ना, मला वाटायचं ती काहीतरी आठवते आहे. म्हणून मी गप्प बसून वाट बघायची."

हें वाक्य मला विसरतां आलेलें नाहीं. या सर्व प्रकरणांत कोणाचाहि दुष्ट हेतु नव्हता. कंपनी माझें हित पाहत होती, यंत्र नेमून दिलेलें काम करीत होतें, आणि मी मिलवर टिपणें काढीत होतों. तरीसुद्धां दोन वृद्ध बहिणींच्या मोजक्या संभाषणांतील कांहीं घटका त्या काळांत नाहींशा झाल्या, आणि त्या माझ्या खात्यावर खर्ची पडल्या होत्या. ज्याचा कर्ता सांपडत नाहीं अशा अपायाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मीं परीक्षेंत अनेक वेळां घातला आहे. त्याचें उत्तर लिहिण्याची पाळी या वेळीं माझ्यावर आली.

मीं पहिलें उत्तर लिहिलें तें रागाच्या भरांत, आणि तें चुकलें. एका जाणत्या शेजाऱ्याच्या मदतीनें मीं संगणकाची अपडेट आणणारी यंत्रणा मुळापासून बंद करून टाकली. माझ्या घरांत मला न विचारतां कोणी येणार नाहीं, या विचारानें मला मोठें समाधान वाटलें. पांच महिने गेले. नव्या रोगांची जी यादी रोग ओळखणाऱ्या आज्ञावलीला रोजच्या रोज लागते, तीहि माझ्या यंत्रावर त्याच वाटेनें येत होती, आणि वाटेबरोबर तीहि बंद झाली होती, याचा मला पत्ता नव्हता. एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचें एक प्रकरण पेन ड्राइव्हवर घेऊन आली; तें आम्हीं माझ्या संगणकावर उघडून वाचलें. घरीं जाऊन पाहते तों पेन ड्राइव्हमधील सारे फोल्डर नाहींसे, आणि त्यांच्या जागीं नुसते शॉर्टकट. तिच्याजवळ दुसरी प्रत होती, म्हणून प्रबंध वांचला. परंतु तोच पेन ड्राइव्ह तिच्या भावाच्या दुकानांतील संगणकाला लागला, आणि तेथील आठ दिवसांचा हिशेब पुन्हां लिहावा लागला. ती मला इतकेंच म्हणाली, "सर, तुमच्याकडचा कॉम्प्युटर एकदा तपासून घ्या." हा रोग माझ्याच यंत्रांतून गेला असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. पण तपासला तेव्हां तो माझ्या यंत्रांत होता, एवढें खरें.

पहिल्या खेपेस मीं दार उघडें टाकलें होतें, दुसऱ्या खेपेस त्याला कुलूप घातलें. आणि दोन्ही खेपेस त्याचा भुर्दंड माझ्यावर न पडतां दुसऱ्यावर पडला. म्हणून प्रश्न असा उभा राहतो: जें हित आपण मागितलेलें नाहीं, पण जें खरोखरच हित आहे, तें आपल्या घरांत येत असतां त्याला किती जागा द्यावी, आणि ती कोणी ठरवावी?

यावर पहिला आक्षेप घरांतल्या कर्त्या पुरुषाचा. तो म्हणेल, इंटरनेटचे पैसे मी भरतों; संगणक माझा; मग माझ्या यंत्रानें किती घ्यावें याचा जाब मला कोण विचारणार? या आक्षेपाला मिलचें नांव घेऊन उत्तर देण्याची आवश्यकता नाहीं. आपल्या जुन्या घरांतील न्हाणीघर त्यास पुरेसें आहे. सकाळीं बंब पेटवला जाई, आणि लांकडें कर्त्या पुरुषाच्या पैशाचीं असत. तरी पहिल्यानें स्नान करणारा तो गृहस्थ बंब रिकामा करून बाहेर येत नसे. मागें आई आहे, सून आहे, शाळेला जाणारीं मुलें आहेत, हें त्याला ठाऊक असे. पैसे देण्यानें वस्तु विकत मिळते. दुसऱ्याची गरज विकत मिळत नाहीं. माझ्या मतें मिलच्या तत्त्वाचा घरगुती अर्थ इतकाच आहे.

मात्र बंबाचा हा दृष्टांत एका ठिकाणीं तोकडा पडतो, आणि तें ठिकाण महत्त्वाचें आहे. बंबांतील पाणी एकानें वापरलें नाहीं तर तें दुसऱ्यासाठीं शिल्लक राहतें. इंटरनेटच्या वाहिनीचें तसें नाहीं. आमच्या घरीं तेव्हां कागदोपत्रीं सेकंदाला ४० मेगाबिट वाहून नेणारी वाहिनी होती. सकाळच्या वेळीं प्रत्यक्षांत त्याहून कमीच मिळे. या क्षणीं जी जागा कोणी वापरली नाहीं, ती पुढच्या क्षणासाठीं सांठवून ठेवतां येत नाहीं, ती गेली. म्हणजे ही टंचाई धान्याची नव्हे, वाटेची आहे. कोठारांतील धान्य थोडें खावें यांत शहाणपण आहे. पण मोकळ्या रस्त्यावरून थोडें चालावें यांत कसलें शहाणपण? मध्यरात्रीं घर निजलेलें असतां संगणकानें सारी वाहिनी व्यापली तर त्यानें कोणाचें कांहींएक घेतलें नाहीं. तेंच सकाळीं नऊ वाजतां केलें तर त्यानें माझ्या मावशीचें तोंड थांबविलें. दोष फार घेण्यांत नाहीं; दुसऱ्याला हवें असतां घेण्यांत आहे. काटकसर आणि मर्यादा हे दोन सद्गुण आपण एकच समजतों, पण ते एक नव्हेत. काटकसर वस्तूकडे पाहते, मर्यादा माणसांकडे पाहते.

अर्थात् ज्यांना इंटरनेट मापून मिळतें त्यांची टंचाई दुहेरी असते. मोबाइलच्या पुष्कळ योजनांत दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट एवढाच शिधा ठरलेला असतो. अशा विद्यार्थ्यानें आपला फोन जोडून संगणक चालू केला आणि एखादें मोठें, चार गिगाबाइटचें अपडेट आपण होऊन उतरूं लागलें, तर त्याचा दोन-तीन दिवसांचा शिधा संपला. त्याला वाटेचीहि मर्यादा हवी आणि धान्याचीहि. ही जोडणी मापाची आहे असें यंत्राला सांगून ठेवण्याची सोय याचसाठीं केलेली असते. पण ती सोय आहे हें कळेपर्यंत बहुतेकांचा शिधा एकदां तरी लुटला गेलेला असतो.

वाटेच्या टंचाईचा प्रश्न मनुष्यजातीला नवा नाहीं. धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाटानें पाणी नेण्याची जी फड पद्धति कित्येक पिढ्या चालत आली, तींत शेतकऱ्यानें आपल्या हातानें पाणी घ्यावयाचें नसे. गांवानें नेमलेला पाटकरी शेतामागून शेत भिजवीत जाई. ज्याचें शेत पाटाच्या तोंडाशीं आहे त्याला शेवटच्या शेताची तहान दिसत नाहीं, हें त्या पद्धतीनें ओळखलें होतें. तो मनुष्य वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या उभें राहण्याच्या जागेवरून तें दिसतच नाहीं म्हणून. पाटकरी मात्र पाटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालत जातो; त्याला सर्व दिसतें, म्हणून माप त्याच्या हातीं.

संगणकांच्या जगालाहि हा धडा एकदां शिकावा लागला होता. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचें बर्कली येथील केंद्र यांमधील वाहिनी एकाएकीं बसली. अंतर अवघें चारशें यार्डांचें. सेकंदाला ३२,००० बिट नेणारी ती वाहिनी ४० बिटांवर आली. कारण विचार करण्यासारखें होतें. वाटेंत गर्दी झाली म्हणजे पाठविलेला माल हरवे; हरवला म्हणून प्रत्येक यंत्र तो पुन्हां पाठवी; आणि पुन्हां पाठविल्यानें गर्दी आणखीच वाढे. प्रत्येकजण आपलें काम चोख बजावीत होता, आणि कोणाचेंच काम होत नव्हतें. व्हॅन जेकबसन यांनीं यावर जो उपाय १९८८ सालीं निबंधरूपानें मांडला, त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: माल हरवूं लागला तर तो आपणां सर्वांच्या गर्दीचा इशारा समजावा, आणि ज्यानें त्यानें आपण होऊन आपला वेग कमी करावा. आज जगाचें इंटरनेट उभें आहे तें या आत्मसंयमाच्या पायावर. त्याला सक्तीनें थांबविणारा शिपाई वाटेवर बसलेला नाहीं.

मग प्रश्न येतो कीं, इतका संयम यंत्रांत मुरलेला असतां माझ्या घरीं तो कां दिसला नाहीं? याचें उत्तर मला या साऱ्या विषयाचें मर्म वाटतें. विंडोजमध्यें मागच्या मागें माल आणणारी एक यंत्रणा २००१ सालच्या एक्सपीपासून आहे. वापरणाऱ्याला त्रास होऊं नये म्हणून वाहिनीची रिकामी जागाच तेवढी वापरावी, असा तिचा नियम. मी संगणकावर कांहीं वाचूं लागलों तर ती अदबीनें मागें सरते. परंतु राउटरनें स्वतः हिशेब सांगितला नाहीं तर तिला दिसते ती केवळ आपल्याच यंत्रावरची वर्दळ. माझा संगणक त्या बुधवारीं स्वस्थ होता, म्हणून तिच्या लेखीं सारें घरच स्वस्थ होतें. देवघराशेजारच्या खोलींतील टॅबलेट तिच्या जगांत नव्हता. ती सभ्य होती, पण तिची सभ्यता मालकापुरती होती. गर्दीची नुसती चाहूल लागतांच वाट सोडून देणाऱ्या पद्धति पुढें निघाल्या आहेत, त्यांतील एकीचा तांत्रिक संकेत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक घरांतील प्रत्येक यंत्रांत ती शालीनता उतरली आहे असें म्हणतां येत नाहीं.

मला या यंत्रणेला दोष देतांना संकोच वाटतो, कारण मी तिच्याहून वेगळा कोठें होतों? माझेंहि दार लोटलेलें असे. समोर आलेल्या माणसाशीं मी सौजन्यानें वागें. आईनें हांक मारली कीं उठून जाईं. परंतु आपल्या स्वस्थपणाची किंमत शेजारच्या खोलींत कोणी भरतें आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं हांकेवांचून मी कधीं उठलों नाहीं. जो आपल्यासमोर येऊन तक्रार करतो त्याला न्याय देणें सोपें आहे. जो थांबलेल्या चित्रासमोर गप्प बसून वाट पाहतो, त्याला न्याय मिळावयाचा असेल तर तो मागण्यापूर्वींच आपण आपलें माप ठरविलें पाहिजे. यंत्राला दुसरी खोली दिसत नाहीं. मला दिसूं शकते. म्हणून मर्यादा घालण्याचें काम यंत्रावर किंवा कंपनीवर सोंपवून मोकळें होतां येत नाहीं. घरांतला पाटकरी आपणच.

कंपनीवर सोंपवूं नये याला आणखीहि एक कारण आहे. २०१५ सालीं विंडोज १० निघालें, तेव्हां त्यांत एक नवी सोय होती. एका यंत्रानें उतरवून घेतलेलें अपडेट त्यानें आपल्याच वाहिनीवरून दुसऱ्या, अनोळखी यंत्रांसहि पुरवावें, म्हणजे साऱ्या जगाचें काम लौकर होईल. कल्पना परोपकाराची होती, यांत शंका नाहीं. परंतु घरगुती प्रतींत ती आरंभापासूनच चालू ठेवलेली होती. मालकाला ती नको असल्यास त्यानें शोधून बंद करावी. दुसऱ्याच्या कोठारांतून अन्नछत्र घालणाऱ्यास आपण दाता म्हणत नाहीं. त्या अन्नछत्रांत जेवणाऱ्यांचें पोट खरोखर भरतें, एवढ्यानें धान्याच्या धन्याला विचारण्याची गरज संपत नाहीं. हित मोठें असलें म्हणजे संमतीची आवश्यकता कमी होते, असें उपकार करणारास नेहमीं वाटतें. आणि ज्याच्यावर उपकार होतो त्यास नेमकें उलट वाटतें.

आतां दुसरा आक्षेप. तो अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, हें हित केवळ तुमचें नाहीं. तें सार्वजनिक आहे. देवीची लस टोंचून घेण्याप्रमाणेंच आपलें यंत्र निर्दोष राखणें हें शेजारधर्माचें काम आहे. तेथें आईच्या संभाषणाची सबब चालणार नाहीं. याचें उदाहरणहि ताजें आहे. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा रोग यंत्रांतून यंत्रांत पसरूं लागला आणि थोड्याच दिवसांत दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्यानें धरले. ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांत हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या दोषांतून तो शिरला, त्यावरील ठिगळ मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, पाठविलें होतें. ज्यांनीं तें लावलें नव्हतें, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं केवळ टाळाटाळच केली होती. माझ्या पांच महिन्यांच्या कुलुपाची जात हीच.

हा आक्षेप मला सर्वस्वीं मान्य आहे. पण त्यानें सिद्ध काय होतें तें नीट पाहावें. त्यानें नकार चुकीचा ठरतो, मर्यादा चुकीची ठरत नाहीं. हिशेब करून पाहूं. आठ बिटांचें एक बाइट. तेव्हां चार गिगाबाइटचें अपडेट म्हणजे सुमारें ३२,००० मेगाबिट. ४० मेगाबिटांची सारी वाहिनी त्याला दिली तर तें ८०० सेकंदांत, म्हणजे तेरा-चौदा मिनिटांत उतरेल. मात्र तेवढा वेळ घरांत दुसऱ्या कोणाला नीट बोलतां येणार नाहीं. तेंच त्याला ५ मेगाबिटांवर बांधून ठेवलें, तर ६,४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून किंचित् अधिक वेळ लागेल, आणि त्या अवधींत तें येतें आहे याची घरांत कोणास वार्ताहि लागणार नाहीं. इस्पितळें बंद पडलीं तीं दोन महिन्यांच्या दिरंगाईनें. दोन तासांच्या उशिरानें जगाचें काय बिघडतें? यंत्राला घाई नसते; वाट पाहण्याचें त्याला दुःख नसतें. चौऱ्यांशी वर्षांच्या मनुष्याला असतें. ज्याला वाट पाहणें काहींच पडत नाहीं त्यानें वाट पाहावी, यापरता न्यायाचा सोपा नियम मला ठाऊक नाहीं.

शिवाय उपकार करणारा नेहमींच निर्दोष उपकार करतो असेंहि नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या, संगणकांचें रक्षण करणाऱ्याच कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष अपडेटनें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें एका दिवसांत बंद पाडलीं. आपल्याकडील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. यानंतर त्या कंपनीनें आपलीं अपडेट एकदम सर्वांस न देतां टप्प्याटप्प्यानें देण्याचें ठरविलें. म्हणजे मर्यादेची गरज घेणाऱ्याप्रमाणें देणाऱ्यालाहि असते.

तिसरा आक्षेप माझ्या तरुण विद्यार्थ्यांचा. ते म्हणतात, "सर, एवढा विचार कशाला? मोठं कनेक्शन घ्या." मीं घेतलेंहि आहे, आणि माझ्या घरापुरती अडचण पुष्कळशी कमी झाली आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु रस्ता रुंद केला म्हणजे वाहनें वाढतात, हा आपल्या शहरांचा अनुभव येथेंहि खोटा ठरत नाहीं. अपडेटचें आकारमान वाढतें, यंत्रांची संख्या वाढते, आणि प्रत्येक यंत्र आपल्यालाच सारें घर मोकळें आहे असें धरून चालतें. समृद्धीनें प्रश्न दृष्टिआड होतो, सुटत नाहीं. आणि ज्याला मोठी वाहिनी परवडत नाहीं, त्याला, तुझा प्रश्न पैशानें सुटेल, असें सांगणें हें नीतिशास्त्र नव्हे.

असो. मीं अखेर जें केलें तें अगदीं साधें आहे. अपडेट आणणारी यंत्रणा पुन्हां चालू केली. विंडोजच्या अपडेटच्या पानावर, मागच्या मागें उतरणाऱ्या मालासाठीं किती मेगाबिट द्यावे हें लिहून ठेवण्याची जागा असते. तेथें आंकडा लिहिला. अनोळखी यंत्रांना माल पुरविण्याची सोय बंद केली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं रात्रीं मी संगणक चालू ठेवून निजतों; घर झोपलेलें असतां त्याला काय हवें तें त्यानें आणावें. दहा मिनिटांचें काम होतें. तें मीं दीड वर्ष आधीं केलें नाहीं, कारण त्याची गरज मला नव्हती. शेजारच्या खोलीला होती.

आई आतांहि बुधवारीं नऊ वाजतां बसते. मावशीची सून घाईंत असते, पण न चुकतां दहा मिनिटें तरी बोलते, आणि आईला कळावें म्हणून शब्द सावकाश उच्चारते. मधेंच ती थांबली तर खरोखरच कांहीं आठवत असते. वाचकांना माझी एकच विनंति आहे. आपल्या घरीं हें यंत्र असेल तर त्याला माप ठरवून द्या. पण त्याआधीं एखाद्या बुधवारीं सकाळीं, कोणी हांक मारली नसतांना, उठून शेजारच्या खोलींत डोकावून या.